हायड्रोजन फ्युएल सेल आणि वाहतूक: गोव्यातील उद्योजकांनी पुढाकार नेमका कुठे घ्यावा?

मांडवीकाठ

नमस्कार मंडळी,

जुलै २०२३ मध्ये जी-२० देशांच्या ऊर्जामंत्र्यांची बैठक गोव्यात झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बेतूल येथे 'इंडिया एनर्जी वीक' भरला. दोन्ही वेळी हरित हायड्रोजनची, म्हणजे सौर-पवन अशा नूतनीकरणीय विजेने पाण्यापासून वेगळ्या केलेल्या हायड्रोजनची, बरीच चर्चा झाली. पुढे मंडप उतरले, पाहुणे परतले, आणि वेर्णा, कुंडई किंवा वास्को येथील कोणत्या उद्योगाने या कामात स्वतःचा पैसा आणि स्वतःची माणसे घातली, हा प्रश्न माझ्या मनात राहून गेला. त्याची नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात देतो. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. एकूण तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची आहे आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन तयार करण्याचे उद्दिष्ट आहे. वाहतुकीच्या वाट्याला यातला लहानसाच भाग आला आहे. मार्च २०२५ मध्ये पाच प्रायोगिक प्रकल्पांतून ३७ बस व ट्रक, ९ हायड्रोजन पंप आणि १० मार्ग जाहीर झाले. या ३७ वाहनांपैकी १५ फ्युएल सेलवर, म्हणजे हायड्रोजन आणि हवेतला प्राणवायू यांच्यापासून थेट वीज करणाऱ्या यंत्रावर, चालणारी आहेत, तर २२ वाहनांच्या इंजिनात हायड्रोजन थेट जाळला जातो. पुणे-मुंबई, तिरुवनंतपुरम-कोची, भुवनेश्वर-कोणार्क-पुरी असे मार्ग त्या यादीत आहेत. गोव्यातला एकही नाही.

यादीत नाव नसल्याची खंत करण्यापेक्षा या धंद्यात पुढारपण कशाला म्हणायचे ते आधी समजून घ्यावे, असे मला वाटते. कॅनडातील बॅलर्ड या कंपनीची वाटचाल त्यासाठी पाहण्यासारखी आहे. जेफ्री बॅलर्ड यांनी १९७९ मध्ये सुरू केलेली ही कंपनी मुळात लिथियम बॅटरीवर काम करत होती. १९८३ मध्ये ती फ्युएल सेलकडे वळली आणि १९९३ मध्ये तिने फ्युएल सेलवरची बस चालवून दाखवली. नंतर डेमलर आणि फोर्ड यांनी तिच्यात भांडवल घातले आणि काही वर्षांतच अशा मोटारी घरोघरी दिसतील अशी हवा निर्माण झाली. तसे घडले नाही. अखेर २००८ मध्ये मोटारींचे काम डेमलर व फोर्ड यांच्याकडे सोपवून कंपनीने गोदामातील फोर्कलिफ्ट, दूरसंचार मनोऱ्यांची राखीव वीज आणि बस या बाजारांकडे मोर्चा वळवला. ती आजही टिकून आहे याचे मोठे श्रेय मी त्या निर्णयाला देतो. ज्या कामावर सारी प्रतिष्ठा लावली होती ते सोडून, जिथे आपल्या यंत्राची खरोखर गरज आहे तिथे जाण्याचे धैर्य तिच्या चालकांनी दाखवले.

तेव्हा प्रश्न असा आहे: गोव्यात अशी गरज असलेली जागा कोणती, आणि तिथे पहिले पाऊल कोणी व कसे टाकावे? बस, फेरीबोट, बार्ज, ट्रक, बंदरातील यंत्रे, सगळ्यांवर बोलू या.

मठग्रामस्थ

मांडवीकाठ सर, विषय महत्त्वाचा आहे. माझे काम हिशेब तपासण्याचे असल्यामुळे आधी हिशेबच मांडतो.

पाण्यापासून एक किलो हायड्रोजन वेगळा करण्यास आजच्या यंत्रांना साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. तो ३५० बारपर्यंत (हवेच्या दाबाच्या सुमारे साडेतीनशे पट) दाबून टाक्यांत भरण्यास आणखी काही युनिटे खर्ची पडतात. मोठ्या बसला शंभर किलोमीटरला आठ किलो हायड्रोजन लागतो असे धरले, तर सुमारे ४४० युनिट वीज झाली. तेवढ्याच अंतराला बॅटरीवरच्या बसला साधारण १२० युनिटे पुरतात. युनिटला सहा रुपये हा दर केवळ गणितासाठी धरला, तर एका बाजूला ७२० रुपये आणि दुसऱ्या बाजूला २,६४० रुपये होतात, आणि या दुसऱ्या आकड्यात पंप, टाक्या आणि इलेक्ट्रोलायझर (पाण्यापासून हायड्रोजन वेगळा करणारे यंत्र) यांच्या भांडवलाचा एक पैसाही धरलेला नाही. ही तफावत मूळ प्रक्रियेतच आहे. विजेपासून वायू आणि वायूपासून पुन्हा वीज करताना दोन्ही टप्प्यांवर ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. व्यवस्थापन कितीही कुशल असले तरी ती वाचत नाही.

फ्रान्समधील मोंपेलिए शहराने ५१ हायड्रोजन बस घेण्याचे ठरवले होते. जानेवारी २०२२ मध्ये महापौरांनी तो बेत रद्द केला, कारण बॅटरीच्या बसपेक्षा त्या चालवण्याचा खर्च सहापट येणार होता. जाहीर केलेली योजना आकडे पाहून मागे घेणे राजकारणात सोपे नसते, आणि म्हणूनच मी त्या निर्णयाला चांगल्या नेतृत्वाचा नमुना मानतो.

पणजी शहरातल्या किंवा मडगाव-पणजी मार्गावरच्या बससाठी गोव्यात कोणी हायड्रोजनचा प्रस्ताव आणला, तर माझा सल्ला स्पष्ट नकाराचा राहील. रात्री आगारात परत येणारी आणि दिवसाचे अंतर ठरलेले असणारी बस बॅटरीवरच चालवावी.

पर्वरीकर

मठग्रामस्थ यांच्याशी सहमत आहे. सार्वजनिक बससेवेच्या कार्यशाळेत माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे एक गोष्ट जवळून पाहिलेली सांगतो, कारण ती सहसा कोणाच्या प्रस्तावात नसते.

किनाऱ्यालगतच्या मार्गावर चालणाऱ्या बसचा हवेचा फिल्टर पावसाळा संपल्यावर काढून पाहावा. कागदाच्या घड्यांच्या टोकांवर पांढुरका, बोटाला खरखरीत लागणारा थर बसलेला असतो आणि फिल्टरच्या पेटीच्या पत्र्यावर, स्क्रूच्या डोक्याभोवती गंजाचे कडे उमटलेले असते. डिझेल इंजिन हे मीठ बऱ्यापैकी सोसते. फ्युएल सेलला मात्र ते सोसवत नाही. हायड्रोजन टाकीतून शुद्ध येतो, पण प्राणवायू बाहेरच्या हवेतूनच घ्यावा लागतो. साठ किलोवॉटचा फ्युएल सेल पूर्ण शक्तीने चालताना तासाला सुमारे दोनशे घनमीटर हवा आत ओढतो. त्या हवेबरोबर मिठाचा सूक्ष्म अंश आत गेला, तर सोडियम फ्युएल सेलमधल्या, विद्युतभार वाहून नेणाऱ्या पातळ पडद्यात ठाण मांडून त्याची वाहकता घटवते आणि क्लोराइडमुळे तिथली रासायनिक क्रिया घडवणारे प्लॅटिनम झिजते. म्हणून साध्या धुळीच्या फिल्टरसोबत रासायनिक फिल्टर लावावा लागतो आणि तो वेळेवर बदलावा लागतो.

हे वेळेवर बदलणे कोण करणार, हा माझा प्रश्न आहे. नवे वाहन येते तेव्हा फीत कापली जाते. सुट्या भागांच्या कराराकडे मात्र कोणी पाहत नाही. परदेशी बनावटीचा एक सेन्सर बिघडला की वाहन महिनोन्‌महिने कोपऱ्यात उभे राहते, हे मी पाहिले आहे. ज्या उद्योजकाला या क्षेत्रात नाव कमवायचे आहे, त्याने वाहन देण्याआधी गोव्यातल्या आयटीआयची चार-पाच मुले शिकवून तयार करावीत.

माशेलवासी

मी रसायन अभियंता आहे, राहतो पुण्यात, पण मूळचा माशेलचा. म्हणून या धाग्यात भाग घेण्याचा मोह आवरला नाही.

आपल्याकडे या विषयातले काम शून्यावर नाही, हे आधी नोंदवतो. पुण्याची केपीआयटी, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि कारैकुडीची केंद्रीय विद्युत-रासायनिक संशोधन संस्था यांनी मिळून ऑक्टोबर २०२० मध्ये देशी फ्युएल सेल बसवलेली मोटार चाचणीसाठी चालवली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात बस सादर केली. टाटा मोटर्सने इंडियन ऑइलला सप्टेंबर २०२३ मध्ये फ्युएल सेलच्या बस सुपूर्द केल्या. मुळात वाहनांच्या सॉफ्टवेअरसाठी ओळखली जाणारी कंपनी सरकारी प्रयोगशाळेतले संशोधन उचलते आणि ते चाकांवर चढवण्यासाठी वर्षानुवर्षे खर्च करते, ही गोष्ट मला कोणत्याही घोषणेपेक्षा मोलाची वाटते. प्रयोगशाळेत यशस्वी झालेला पडदा आणि रस्त्यावर हजारो तास टिकणारा स्टॅक (एकाला एक जोडलेल्या अनेक सेलची चळत) यांत फार मोठे अंतर असते. ते कापण्यासाठी लागणारा पैसा सरकारकडून पूर्ण मिळत नाही आणि बाजाराकडून इतक्या लवकर मिळत नाही, म्हणून तो मालकाच्या धीरातूनच यावा लागतो.

त्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक राहिलेले डॉ. रघुनाथ माशेलकर आपल्या माशेलचेच. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ मध्ये वाहन-इंधन धोरणाचा अहवाल दिला, त्यातली एक गोष्ट हायड्रोजनलाही लागू पडते. इंधनाची प्रत सुधारण्याचे काम तेल कंपन्यांचे आणि इंजिन सुधारण्याचे काम वाहन कंपन्यांचे. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवत बसू शकला असता. त्या अहवालाने दोघांना एकाच वेळापत्रकात बांधले. हायड्रोजनमध्ये आज नेमके हेच बंधन हवे आहे.

गोव्यातल्या मित्रांना आणखी एक आठवण करून देतो. हायड्रोजन गोव्यात नवा नाही. झुआरीनगरच्या खत कारखान्यात अमोनियासाठी तो सत्तरच्या दशकापासून तयार होत आला आहे, आधी नाफ्त्यापासून आणि अलीकडे नैसर्गिक वायूपासून. तो हरित नाही. अशा पद्धतीने एक किलो हायड्रोजन करताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि भारत सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये हरित हायड्रोजनसाठी ठरवलेली मर्यादा दोन किलोची आहे. शिवाय फ्युएल सेलला लागणारी शुद्धता फार कडक असते. कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत ०.२ भागांपेक्षा जास्त चालत नाही, कारण तो प्लॅटिनमला चिकटून बसतो. परंतु हा वायू दाबाखाली हाताळण्याची शिस्त अंगवळणी पडलेले तंत्रज्ञ आणि निवृत्त पर्यवेक्षक वास्को-सांकवाळ भागात आजही राहतात. एवढे अनुभवी मनुष्यबळ भारतातल्या फार थोड्या किनारी गावांत मिळेल.

दर्यावर्दी

रस्ता सोडून आता पाण्याकडे येऊ या. मी वास्को भागात जहाजबांधणीत काम करतो, त्यामुळे माझे मत त्या बाजूला झुकलेले असणार, हे गृहीत धरून वाचावे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कोचीन शिपयार्डने बांधलेल्या, फ्युएल सेलवर चालणाऱ्या देशातील पहिल्या प्रवासी बोटीचे पंतप्रधानांच्या हस्ते जलावतरण झाले. चोवीस मीटर लांबीची ही जोडकाय (दोन समांतर सांगाड्यांची) बोट पन्नास प्रवाशांसाठी आहे, तिचा फ्युएल सेल केपीआयटीचा आहे आणि ती वाराणसीला गंगेवर चालवण्यासाठी बांधली गेली. माझ्या मते हे भारतातले या क्षेत्रातले सर्वांत शहाणे पाऊल आहे, कारण बांधणारा, फ्युएल सेल देणारा आणि चालवणारी सरकारी संस्था असे तिघे पहिल्यापासून एका करारात होते.

नॉर्वेत 'हायड्रा' नावाची ८२ मीटर लांबीची कार-फेरी २०२३ पासून द्रवरूप हायड्रोजनवर चालते. तिच्यात बॅलर्डचे प्रत्येकी २०० किलोवॉटचे दोन फ्युएल सेल आहेत. बोट उत्तम आहे, पण तिचा हायड्रोजन जर्मनीतून टँकरने येतो, ही तिची उणी बाजू. मांडवीकाठ सरांनी सांगितलेल्या बॅलर्डच्याच फ्युएल सेलवर चालणाऱ्या बस २०१० च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी कॅनडातल्या व्हिस्लर येथे आल्या होत्या. वीस बस होत्या, आणि हायड्रोजन पार देशाच्या दुसऱ्या टोकाच्या क्युबेक प्रांतातून ट्रकने येत असे. २०१४ मध्ये त्या बंद झाल्या. तंत्रज्ञान हरले नव्हते. इंधनाचा उगम इतका दूर ठेवणारे नियोजन हरले.

आता गोव्याचे. पणजी-बेती किंवा रायबंदर-चोडण यांसारखी नदी ओलांडण्याची फेरी काही मिनिटांची असते आणि दर फेरीनंतर बोट धक्क्याला लागते. तिथे बॅटरी पुरेशी आहे. हायड्रोजनचा खरा विचार करावा तो खनिज वाहणाऱ्या बार्जचा. दीड ते अडीच हजार टन माल घेऊन मांडवी किंवा झुआरीतून मुरगावपर्यंत जायचे, तिथे रांगेत थांबायचे, रिकामे परतायचे. पावसाळ्यात आग्वादजवळ मांडवीच्या मुखावरचा वाळूचा दांडा धोक्याचा होतो, तेव्हा कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीकडे वळायचे. वजन सोसण्याची सवय असलेल्या या जलयानावर टाक्यांना जागा आहे, वरची बाजू उघडी असल्याने गळती झालीच तर वायू वर निघून जातो, आणि फेरे मोजक्याच मार्गांवर असल्यामुळे एकच पंप अनेकांना पुरू शकतो.

सावर्डेकर

दर्यावर्दीबाब, आमच्या कुटुंबाच्या बार्ज आहेत, म्हणून उत्तर देणे मला भाग आहे.

तुम्ही मांडलेले तांत्रिकदृष्ट्या पटते. परंतु बार्जमालकाच्या घरातून हा विषय कसा दिसतो तेही या धाग्यात यायला हवे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी उठवली. पुन्हा सुरुवात होते न होते तोच फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने मार्चपासून सगळे थांबले. त्या काळात बार्ज धक्क्याला बांधून ठेवल्या, बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत, आणि अनेकांनी बार्ज भंगारात काढल्या. ज्याने हे सोसले त्याला कोणी 'पुढाकार घ्या' म्हटले, तर तो आधी विचारणार की माझ्या जोखमीतला वाटा तुम्ही किती उचलता. हा भित्रेपणा नव्हे. डिझेलचे इंजिन बिघडले तर सावर्ड्यातला मेकॅनिक संध्याकाळपर्यंत ते चालू करून देतो, आणि उद्या बार्ज विकायची वेळ आली तर तिला गिऱ्हाईक असते. फ्युएल सेलच्या बार्जला गिऱ्हाईक कोण?

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, मालकाने यंत्र विकत घेण्याची योजना आणली तर गोव्यात एकही बार्ज बदलणार नाही. इंधनाचा दर, पुरवठा आणि यंत्राची दुरुस्ती या तिन्हींची लेखी हमी एकाच पक्षाकडून मिळाली, तर मी निदान चर्चेला बसेन.

मांडवीकाठ

सावर्डेकरबाब, तुमच्या अडचणीचे उत्तर देण्याचा एक प्रयत्न स्वित्झर्लंडमध्ये झालेला आहे, आणि तो सविस्तर सांगण्यासारखा आहे.

ह्युंदाईने तेथे २०२० पासून 'एक्सियंट' हे फ्युएल सेलवरचे ट्रक आणले. ते ट्रक वाहतूकदारांना विकले गेले नाहीत. ह्युंदाई आणि एच-टू एनर्जी या स्विस कंपनीची भागीदारी ट्रकची मालक राहिली आणि वाहतूकदाराने वापराप्रमाणे पैसे द्यायचे, त्यात इंधनही आले आणि दुरुस्तीही आली, असा करार झाला. हायड्रोजन गोस्गेन येथील जलविद्युत केंद्रालगतच्या इलेक्ट्रोलायझरमध्ये तयार होऊ लागला. पंप उभारण्यासाठी मिग्रो आणि कूप यांसारख्या, एरवी एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या, मोठ्या किराणा साखळ्यांनी आणि इंधन विक्रेत्यांनी २०१८ मध्येच संघटना काढली होती, आणि ट्रक चालवणारे ग्राहकही त्याच होते. त्यात सरकारची मदत एवढीच की अवजड वाहनांवरचा पथकर अशा ट्रकना माफ होता. तो कर तिथे इतका जड आहे की माफीमुळे डिझेल आणि हायड्रोजन यांच्यातली दरी बरीच भरून निघाली. पुढे युरोपात विजेचे दर भडकले तेव्हा या व्यवस्थेवरही ताण आला, हे मान्य केले पाहिजे.

यात यंत्रापेक्षा मला करार महत्त्वाचा वाटतो. ट्रक आधी की पंप आधी, या वादात जगभरातल्या योजना अडकल्या. या मंडळींनी ट्रक, पंप, इंधन आणि गिऱ्हाईक यांना एका दिवशी एका टेबलावर बसवले. गोव्यात बार्जमालकांची संघटना आहे, गोदी आहेत, बंदर आहे, खत कारखान्याचा अनुभव आहे. त्यांना एकत्र बसवणारे कोणी नाही, आणि माझ्या मते रिकामी जागा तीच आहे.

मठग्रामस्थ

करार चांगला आहे, परंतु त्यामागे उभा राहणारा पक्ष कसा आहे हे तपासायलाच हवे, कारण या क्षेत्रात शब्दांवर उभे राहिलेले उद्योगही झाले आहेत. अमेरिकेतील निकोला कंपनीने हायड्रोजन ट्रकचा गाजावाजा केला आणि तिचे बाजारमूल्य एका टप्प्यावर फोर्डच्याही पुढे गेले. सप्टेंबर २०२० मध्ये उघड झाले की चित्रफितीत धावताना दिसणारा ट्रक स्वतःच्या शक्तीने चालत नव्हता. तो उतारावरून सोडला होता. संस्थापक ट्रेव्हर मिल्टन यांना २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल ज्युरीने दोषी ठरवले आणि मार्च २०२५ मध्ये त्यांना अध्यक्षीय माफी मिळाली. दरम्यान फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. दुसरीकडे प्लग पॉवर ही कंपनी खरी यंत्रे बनवते, वॉलमार्ट आणि ॲमेझॉन यांच्या गोदामांत तिच्या फ्युएल सेलवर फोर्कलिफ्ट चालतात, तरीही नोव्हेंबर २०२३ मध्ये तिला स्वतःच्या तगून राहण्याविषयी भागधारकांना इशारा द्यावा लागला. प्रामाणिक काम करूनही नफा येण्यास इतका वेळ लागतो, हे लक्षात घेऊनच भांडवल घालावे. कर्जाऊ भांडवलावर तर हा उद्योग मुळीच करू नये.

फोंडेकर

मी शाळेत विज्ञान शिकवते. चर्चा वाचताना एक पक्ष टेबलावर दिसला नाही, तो म्हणजे गाव.

केरी येथील नायलॉन ६,६ प्रकल्पाविरुद्धचे आंदोलन आमच्या तालुक्यात लोक विसरलेले नाहीत. जानेवारी १९९५ मध्ये त्यात पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला आणि प्रकल्प गोव्यातून गेला. जानेवारी २०१८ मध्ये चिखली येथे अमोनियाचा टँकर उलटला, तेव्हा लोकांना मध्यरात्री घरे सोडून बाहेर पडावे लागले. अशा अनुभवांतून गेलेल्या लोकांपुढे उद्या कोणी ३५० बार दाबाच्या टाक्या आणणार असेल, तर 'हे तंत्रज्ञान सुरक्षित आहे' एवढे वाक्य पुरणार नाही.

हायड्रोजनचे गुणदोष लोकांना सांगण्यासारखे आहेत आणि ते सरळ सांगावेत. तो हवेपेक्षा खूप हलका असल्याने मोकळ्या जागेत झपाट्याने वर जातो, जमिनीलगत साचत नाही. अमोनियापेक्षा आणि स्वयंपाकाच्या गॅसपेक्षा या बाबतीत तो बरा. परंतु छताखाली अडकला तर हवेत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात तो पेट घेऊ शकतो, त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही, आणि त्याला वासही नाही. गॅसला घालतात तसा वास त्यात घालता येत नाही, कारण वासाची गंधकयुक्त द्रव्ये फ्युएल सेल खराब करतात.

जून २०१९ मध्ये नॉर्वेत ओस्लोजवळ सांडविका येथील हायड्रोजन पंपावर स्फोट झाला. चौकशीत कारण निघाले ते उच्च दाबाच्या टाकीच्या एका झाकणाचे बोल्ट जुळणीच्या वेळी पुरेसे न आवळल्याचे. पंप उभारणाऱ्या नेल कंपनीने ते कारण थोड्याच दिवसांत जाहीर केले आणि जुळणीची तपासणी बदलली. तरीही टोयोटा आणि ह्युंदाईने काही काळ तिथे फ्युएल सेलच्या मोटारींची विक्री थांबवली होती. एका झाकणाचे बोल्ट एका देशाची बाजारपेठ थांबवू शकतात, हे ज्या उद्योजकाला मनापासून कळले आहे त्याच्यावर मी विश्वास ठेवीन. तो ग्रामसभेत स्वतः येईल, जनसंपर्क अधिकाऱ्याला पाठवणार नाही.

माशेलवासी

फोंडेकर ताईंचा प्रतिसाद पुन्हा वाचला. चूक उघड करण्याविषयी त्यांनी लिहिले आहे, त्याला जोडून ज्ञान उघड करण्याविषयी लिहितो. टोयोटाने डिसेंबर २०१४ मध्ये जपानमध्ये 'मिराई' विकायला काढली आणि लगेच जानेवारी २०१५ मध्ये फ्युएल सेलसंबंधीची आपली ५,६८० पेटंट इतरांना विनामूल्य वापरण्यास खुली केली. त्यात परोपकारापेक्षा व्यवहार अधिक होता, कारण एकट्या टोयोटासाठी कोणी पंप उभारणार नव्हते. मोटारींचा बाजार त्यानंतरही वाढला नाही; कॅलिफोर्नियातले आपले मोटारींचे हायड्रोजन पंप शेलने २०२४ मध्ये बंद केले. तरीही इतरांना वाट मोकळी करून देण्याची ती पद्धत गोव्यासारख्या लहान राज्याला उपयोगी आहे. खाऱ्या, दमट हवेत फ्युएल सेल कसा वागतो याची मोजमापे कोणी इथे घेतली आणि खुली ठेवली, तर कोची, रत्नागिरी, विशाखापट्टण, सगळ्यांना ती लागतील आणि ते सगळे गोव्याकडे येतील.

दर्यावर्दी

हे काम होण्यासारखे आहे, आणि त्याला फार मोठे भांडवलही लागत नाही. पूर्ण बार्ज बदलण्याआधी पाच-दहा किलोवॉटचा एक स्टॅक गोदीच्या धक्क्यावर, समुद्राकडे तोंड करून, एक अख्खे वर्ष चालवावा. पावसाळा त्यात आलाच पाहिजे. त्यावर बार्जच्या फेऱ्यासारखाच भार द्यावा: माल भरताना जवळजवळ शून्य, भरतीच्या विरुद्ध जाताना पूर्ण, रांगेत थांबल्यावर केवळ दिव्यांपुरता. सतत चढउतार झाल्याने स्टॅक लवकर थकतो, म्हणून सोबत लहान बॅटरी ठेवून झटके तिच्यावर घ्यावेत. दर महिन्याला फिल्टर काढून तोलावा, व्होल्टेजची घसरण नोंदवावी. या नोंदी हातात असल्याशिवाय मी कोणत्याही मालकाला आराखडा दाखवणार नाही.

पर्वरीकर

फिल्टर तोलण्याचे आणि उघडून पाहण्याचे काम माझ्यासारखे निवृत्त लोक आनंदाने करतील. आयटीआयची मुले सोबत द्या, म्हणजे शिकवणेही होईल.

मठग्रामस्थ

अशा चाचणीला माझा पाठिंबा आहे, दोन अटींवर. पहिली, खर्च गोदी, बार्जमालकांची संघटना आणि फ्युएल सेल देणारी कंपनी यांनी वाटून घ्यावा. फुकट मिळालेल्या यंत्राच्या नोंदी कोणी ठेवत नाही. दुसरी, त्याच भाराला बॅटरी पुरली असती का, हे त्याच नोंदींवरून तपासावे आणि उत्तर 'होय' आले तर तसे जाहीर करावे.

सावर्डेकर

दुसरी अट मला विशेष पटली. आमच्या बार्जची जुनी लॉगबुके घरी आहेत. धक्का सोडल्याची वेळ, मुरगावला थांबलेले तास, भरतीची नोंद आणि डिझेल किती भरले हे त्यांत सापडेल. इंजिनचे फेरे मात्र सगळीकडे लिहिलेले नाहीत. कुंभारजुव्याच्या मार्गाने गेलेल्या पावसाळ्यातल्या फेऱ्या वेगळ्या काढून देऊ का, की सरसकट सगळी पाने लागतील?

दर्यावर्दी

सावर्डेकरबाब, सगळी पाने द्यावीत, आणि पावसाळ्यातल्या फेऱ्यांवर फक्त खूण करावी. इंजिनचे फेरे नसले तरी डिझेल आणि वेळ यांवरून सरासरी भार काढता येतो. भरलेली बार्ज आणि रिकामी बार्ज यांच्या नोंदी वेगळ्या ओळखता आल्या, तर बाकीचे मी जुळवून घेईन. संघटनेच्या पुढच्या बैठकीला आपण दोघे मिळून जाऊ. फोंडेकर ताईंनीही यावे, अशी माझी विनंती आहे.